बोटभर जागेतली अँटेना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवितेच्या प्रांतातला माणूस. शिक्षण बी. ए., तेही साहित्य घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. त्यामुळे मी रेडिओवर अँटेनाविषयी बोलणार म्हटल्यावर आमच्या भाच्याला हसू आवरेना. पण या विषयाकडे मी हौसेने वळलेलो नाही. एका रात्रीने मला तिकडे ढकलले. ती रात्र आधी सांगतो, म्हणजे पुढचे का बोलतो आहे ते लक्षात येईल.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी थोरली बहीण, आमची आपा, अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात राहते. रात्री अकराच्या सुमारास दुल्हेभाईंच्या छातीत दुखू लागले. गाडी करून त्यांना सोलापूरला आणायचे ठरले. आपाचा मुलगा सुट्टीला घरीच होता. त्याने मला फोन लावायला सुरुवात केली. मी पुढे होऊन दवाखान्यात पोहोचावे, डॉक्टरांशी बोलून ठेवावे, पैशाचे बघावे, एवढेच त्याला हवे होते. त्याने नऊ वेळा फोन लावला. नऊही वेळा एकच उत्तर मिळाले, की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. व्यक्ती आपल्या माळवदाच्या जुन्या घरात गाढ झोपलेली होती आणि फोन उशापासून चार हातांवर, भिंतीतल्या कोनाड्यात, चार्जिंगला लावलेला होता.

पहाटे चारला दार वाजले. भाचा रिक्षा करून आला होता. दुल्हेभाईंवर उपचार सुरू झाले होते आणि अल्लाच्या मेहेरबानीने ते पुढे बरेही झाले. पण आपाने दवाखान्याच्या बाकावर तीन तास एकटीने काढले होते. तिने मला एका शब्दाने काही म्हटले नाही. तेच जास्त लागले.

हा भाचा आपल्या शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सचे पुढचे शिक्षण घेत होता. पंधरा दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि फोन मागून घेतला. फोनला मी नवी पेठेतून घेतलेले धातूचे चकचकीत कव्हर होते. त्याने फोन कोनाड्यात ठेवला आणि सेटिंगमध्ये जाऊन एक आकडा दाखवला, उणे ११६. मग कव्हर काढून तसाच ठेवला. आकडा झाला उणे १०६. गच्चीवर नेला, तेव्हा उणे ८५. हे आकडे डेसिबलच्या हिशेबातले आहेत. आकडा शून्यापासून जितका दूर, तितका संदेश क्षीण. आणि दर दहा अंकांना शक्ती दहापट घटते. म्हणजे दोन फुटी भिंतीने आधीच जे खाल्ले होते, त्यातून उरलेल्याचा दहावा हिस्सा तेवढा कव्हरने आत येऊ दिला होता.

भाचा म्हणाला, "मामू, भिंतीचा दोष आहेच. पण या पत्र्याने तुम्ही फोनचं तोंडच बांधून टाकलं होतं."

मी विचारले, "फोनला तोंड कुठे असते?"

त्याने माझ्या कपाटातला एक मेलेला फोन उघडला. खालच्या कडेला प्लॅस्टिकच्या तुकड्यावर तांबूस रंगाची एक वेडीवाकडी पट्टी चिकटवलेली होती. माझ्या अंगठ्याखाली झाकली जाईल एवढीच. तो म्हणाला, "हे तोंड. आणि हेच कान. माझा प्रकल्प याच्यावरच आहे." प्रकल्पाचे नाव लांबलचक होते, पण अर्थ सोपा होता: बिनतारी उपकरणांसाठी अशी अँटेना बनवायची, जी आकाराने लहान असेल आणि एकाच वेळी अनेक पट्ट्यांवर बोलेल.

आता हे पट्टे म्हणजे काय, ते समजून घेऊ. त्यासाठी माझ्या लहानपणीचा रेडिओ पुरेसा आहे. माझे अब्बा चादरीच्या कारखान्यात कामाला होते. आमच्या घरी एक मोठा रेडिओ होता आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एक पट्टी ताणून बांधलेली होती. तिला आम्ही एरियल म्हणत असू. रेडिओच्या काचेवर काटा फिरायचा आणि खाली लिहिलेले असायचे, पंचवीस मीटर, एकतीस मीटर, एकेचाळीस मीटर. मला वाटे, ही स्टेशने आपल्यापासून तितक्या मीटरवर असतील! ते अंतर नव्हते, ती लाटेची लांबी होती. रेडिओची लाट एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जाते. स्टेशनची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घ्या आणि तिने तीनशेला भागा. उत्तर येते ती लाटेची लांबी, मीटरमध्ये. एफएमची स्टेशने शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास असतात. म्हणजे त्यांची लाट तीन मीटरची. पुण्याचे मध्यम लहरीवरचे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर. त्याची लाट जवळजवळ ३७९ मीटर लांब.

अँटेना म्हणजे धातूची अशी तार किंवा पट्टी, जिच्यातला विजेचा प्रवाह लाट होऊन बाहेर पडतो आणि बाहेरची लाट पुन्हा प्रवाह होऊन आत येते. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. वर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. अँटेनाही तशीच. तिच्या लांबीला जुळणारी लाट आली, की ती झंकारते. शास्त्रात याला अनुनाद म्हणतात. साध्या उभ्या काडीच्या अँटेनाची लांबी लाटेच्या साधारण पाव हिश्शाइतकी असावी लागते, आणि तिच्या पायाशी धातूची पुरेशी जमीन असावी लागते. ती जमीन आरशासारखी उरलेला भाग पुरा करते.

म्हणून पूर्वी अँटेना प्रचंड असत. सोलापूरहून पुण्याला जाताना आपली गाडी दौंडला थांबते. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यातली बीम वायरलेसची सेवा सुरू झाली, तेव्हा इंग्लंडकडे संदेश जात खडकीहून आणि तिकडचे संदेश उतरत दौंडला. लाटा काही दहा मीटर लांबीच्या. त्यामुळे त्यांना पकडायला उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदे टांगावे लागत. आज तो संदेश आपण खिशातून पाठवतो. मनोरा बोटावर आला, तो कसा?

एक कारण सोपे आहे. लाटाच आखूड झाल्या. मोबाईलचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. लाट ३३ सेंटिमीटर, तिचा पाव हिस्सा सव्वाआठ सेंटिमीटर. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाईल कॉल झाला, त्या काळातल्या फोनला डोक्यावर शिंगासारखी काडी असायची, बोलताना ती ओढून लांब करायची. ती हीच. मग काडी आत गेली. १९९९ साली आलेल्या नोकिया ३२१० मध्ये बाहेर काही दिसतच नव्हते. लोकांना वाटले, अँटेना गेली. ती फक्त पाठीमागे लपली होती.

पण खरी अडचण पुढे सुरू झाली. ९०० च्या जोडीला १८०० चा पट्टा आला. मग ३जी साठी २१००. मग ४जी साठी ८५० आणि २३००. उपग्रहावरून आपली जागा सांगणाऱ्या जीपीएससाठी १५७५. वाय-फाय आणि ब्लूटूथसाठी २४००. ऑक्टोबर २०२२ पासून ५जी आले, त्याचा मुख्य पट्टा ३३०० च्या पुढे. आणि दूरवर पोहोचणारा ७०० चा पट्टाही त्यात आला. ७०० ला पाव लाट साडेदहा सेंटिमीटरहून जास्त, ३५०० ला जेमतेम दोन सेंटिमीटर. प्रत्येकाला वेगळी काडी द्यायची म्हटली तर फोनचा खराटा होईल. तेव्हा थोड्या अँटेनांकडून अनेक पट्ट्यांचे काम करून घ्यायचे, तेही बॅटरी, कॅमेरा आणि स्पीकर यांच्या सांदीत.

यावर ज्या युक्त्या निघाल्या, त्यांतल्या चार मला कळल्या. तेवढ्या सांगतो.

पहिली युक्ती घडीची. सोलापुरी चादर पसरली तर पलंगभर होते, घडी घातली तर पिशवीत जाते. लांब पट्टी नागमोडी दुमडून बसवली, की तिची वाट लांब राहते आणि जागा कमी लागते. मात्र शेजारशेजारच्या वळणांतला प्रवाह उलटसुलट दिशांनी धावतो आणि एकमेकांचा परिणाम खातो. त्यामुळे दुमडलेली पट्टी सरळ पट्टीपेक्षा एकूण लांब घ्यावी लागते.

दुसरी युक्ती चिखलाची. आपल्याकडच्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर चालून पाहा, पाऊल आखूड पडते. तशीच लाट काही पदार्थांतून हळू चालते आणि तिची लांबी कमी होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किटला जी काचतंतूंची हिरवट पाटी वापरतात, तिच्यात लाट जवळजवळ निम्मी होते. चिनी मातीसारख्या खास पदार्थांत आणखी आखूड. जीपीएसची अँटेना म्हणून जी लहान चौकोनी वडी बसवतात, ती अशीच भाजलेल्या मातीची असते.

तिसरी युक्ती जोडणीची. धातूचा सपाट तुकडा जमिनीच्या पत्र्यावर उचलून धरला, तर तो झंकारायला अर्ध्या लाटेइतका लांब लागतो. पण त्याची एक कड जमिनीला जोडून टाकली, की निम्म्या लांबीत काम भागते. मग त्या तुकड्यात एक चीर पाडतात. चिरेमुळे प्रवाहाला दोन वाटा फुटतात, एक लांब आणि एक आखूड. लांब वाट ९०० ची, आखूड १८०० ची. काडी लपल्यानंतरच्या असंख्य फोनांत ही एका चिरेची करामत होती.

इथे मी भाच्याला शहाणपणाने विचारले, "१८०० तर ९०० च्या बरोबर दुप्पट आहे. वरच्या सप्तकातला तोच सूर. मग वेगळी वाट कशाला?" तो म्हणाला, "मामू, तुमची सतारीची तार दोन्ही टोकांना बांधलेली आहे. अँटेनाची काडी एका टोकाला बांधलेली आणि दुसऱ्याला मोकळी. एका बाजूने बंद असलेल्या नळीसारखी." अशी नळी एक, तीन, पाच या पटीत वाजते. म्हणजे ९०० नंतर निसर्ग आपल्याला २७०० फुकट देतो, १८०० देत नाही. आणि गरज आहे १८०० ची. निसर्गाने दिलेला सूर हवा तिथे खेचून आणायचा, किंवा त्याच्यासाठी नवी वाट काढायची, हेच बहुपट्टा अँटेना बनवणाऱ्याचे मुख्य काम. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला हा त्रास ओळखीचा वाटेल. हवा तो शब्द वृत्तात बसत नाही आणि वृत्तात बसणारा शब्द नको असतो.

चौथी युक्ती मला सर्वांत आवडली. अमेरिकेत बोस्टनमध्ये नॅथन कोहेन नावाचे हौशी रेडिओवाले होते. घरमालक मोठी अँटेना लावू देईना. तेव्हा १९८८ साली त्यांनी तारेला अशी वळणे दिली, की मोठ्या वळणात तेच लहान वळण, त्यात आणखी लहान. पुढे बार्सिलोनात कार्लेस पुएंते यांनी त्रिकोणाची अँटेना केली. मोठ्या त्रिकोणातून मधला त्रिकोण कापायचा, उरलेल्या तिन्हींतून पुन्हा मधला कापायचा, असे करत जायचे. प्रत्येक आकाराचा त्रिकोण आपापल्या लाटेला जागा होतो. एकाच तुकड्यात अनेक पट्टे. बहुभाड्याचे घर म्हणा ना! गणितात हा त्रिकोण १९१५ पासून सिर्पिन्स्की यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचा फोनशी संबंध येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

या विद्येचे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. मुंबईत पवईला आयआयटीच्या आवारात १९८४ साली स्थापन झालेली समीर ही संस्था आहे. सूक्ष्मलहरींवर संशोधन करणारी. आयआयटीचे प्रा. गिरीश कुमार आणि समीरचे के. पी. रे यांनी सपाट छापील अँटेनांचा पट्टा रुंद कसा करावा, यावर लिहिलेले पुस्तक २००३ मध्ये परदेशी प्रकाशनाने काढले. भाच्याच्या टेबलावर त्याची पाने सुटलेली प्रत होती.

आणि नारायणगावजवळ खोडदची मोठी दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाराची तिथे चिंता नाही, तरी पट्ट्यांचा प्रश्न तिथेही होताच. तबकडीच्या वर एक फिरता चौक बसवून त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या पट्ट्यांची तोंडे लावली. मूळ रचनेत २३५ आणि ६१० मेगाहर्ट्झचे दोन पट्टे एकाच तोंडातून घेतले जात. तबकडीला हवे ते तोंड वळवून घेण्याची सवड असते. आपल्या फोनला ती नाही. मोबाईल, वाय-फाय, जीपीएस ही सगळी तोंडे त्याला एकाच वेळी उघडी ठेवावी लागतात.

आता किमतीविषयी बोलू. कारण इतके सगळे ऐकून वाटेल, की हुशारी असली तर अँटेना हवी तेवढी लहान करता येते. तसे नाही. १९४८ साली लॅन जेन चू या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले, की अँटेना लाटेच्या मानाने लहान करत गेलात, तर तिचा पट्टा अरुंद होत जातो. ती एकाच सुरावर ताठ होते, जरा इकडेतिकडे झाले की मुकी. पट्टा रुंद ठेवायचा तर शक्ती उष्णतेत वाया घालवावी लागते. लहान आकार, रुंद पट्टा आणि पूर्ण कार्यक्षमता, तिन्ही एकदम मिळत नाहीत. आजच्या फोनमध्ये लहान इलेक्ट्रॉनिक स्विच बसवून अँटेनाची लांबी विजेच्या हिशेबाने क्षणोक्षणी बदलतात. त्याने सोय होते, मर्यादा मोडत नाही.

कोणी म्हणेल, ट्रान्झिस्टर रेडिओत बोटाएवढी काळी कांडी असते आणि ती पुण्याची ३७९ मीटरची लाट पकडते, ती कशी? ती पकडते, पण अगदी थोडी. केंद्राचा आवाज जबर असतो म्हणून भागते. शिवाय रेडिओ फक्त ऐकतो. फोनला उत्तरही द्यावे लागते, तेही एका लहानशा बॅटरीवर, मैलभर दूरच्या टॉवरला ऐकू जाईल असे. अँटेना कच्ची असली की फोन ओरडून बोलतो, तापतो आणि बॅटरी लवकर संपते.

आणि ताठ सुराच्या अँटेनाला आपला हातही चालत नाही. आपल्या शरीरात पाणी आहे, क्षार आहेत. ते लाट शोषतात आणि सूर उतरवतात. २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ मध्ये बाहेरची पोलादी कडच अँटेना होती. कडेवरच्या एका फटीवर तळहात टेकला, की दोन तुकडे जणू जोडले जात आणि संदेश खाली येई. इतका गाजावाजा झाला, की कंपनीला फुकट कव्हरे वाटावी लागली. तुमच्या फोनची कड धातूची असेल तर तिच्यावर बारीक प्लॅस्टिकच्या रेघा शोधा. त्या शोभेच्या नाहीत. तिथे अँटेनाचे तुकडे वेगळे केलेले असतात.

शरीराचा विचार दुसऱ्या बाजूनेही करावा लागतो. फोनची किती शक्ती शरीरात शिरावी, याला भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे. एक ग्रॅम पेशींच्या हिशेबात किलोला १.६ वॅट. मुख्य अँटेना पुष्कळदा फोनच्या खालच्या कडेला, म्हणजे डोक्यापासून दूर ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. फोनवर तारा, हॅश, शून्य, सात, हॅश दाबले तर पुष्कळ फोनांत हा आकडा दिसतो.

भाच्याची अँटेना मी बनताना पाहिली. आधी संगणकावर आकृती. मग तांब्याचा मुलामा असलेली पाटी, नको ते तांबे फेरिक क्लोराइडमध्ये खाऊन टाकायचे, कडेला एक जोड झाळायचा. मग महाविद्यालयातल्या यंत्राला लावायची. पडद्यावर एक रेघ येते आणि अँटेना जिथे झंकारते तिथे ती खोल दरीत उतरते. त्याला एक दरी २४०० ला हवी होती. ती पडली २३१० ला. संगणकाने धरलेली पाटी आणि बाजारातून आणलेली पाटी यांत फरक निघाला. सूर उतरला म्हणजे वाट लांब झाली. त्याने ब्लेड घेतले आणि पट्टीचे टोक केसभर खरवडले. २३४०. पुन्हा खरवडले. २३८०. मग तो थांबला. जास्त कापले तर परत जोडता येत नाही. संध्याकाळ झाली होती, त्याने आणखी एकदाच ब्लेड टेकवले आणि दरी जागेवर आली. पण त्या भरात वरच्या पट्ट्याची दरी सरकली होती! दुसऱ्या दिवशी नवी पाटी.

तेव्हा मला त्या रात्रीचे नीट कळले. इतक्या कष्टाने, केसाच्या हिशेबाने सुरात आणलेल्या वस्तूवर मी पत्रा चढवला होता आणि वर ती दोन फुटी भिंतीच्या पोटात ठेवली होती.

म्हणून श्रोत्यांना चार साध्या गोष्टी सांगतो. फोनला धातूचे कव्हर किंवा पाठीमागे लोखंडी चकती लावू नका. प्लॅस्टिक, रबर चालते. बोलताना फोनची खालची कड मुठीत आवळू नका. लोखंडी कपाट, पत्र्याची पेटी, जाड भिंतीचा कोनाडा ही रात्री फोन ठेवण्याची जागा नाही. आणि घरात म्हातारे, आजारी माणूस असेल, तर एकदा घरभर फिरून कुठे संदेश नीट येतो ते पाहून ठेवा. त्याला पाच मिनिटे लागतात.

आमच्या कोनाड्यात आता अब्बांचा बंद पडलेला रेडिओ ठेवला आहे. फोन रात्री खिडकीत असतो. आपा कधी कधी रात्री उशिरा उगाचच फोन लावते. मी उचलला, की म्हणते, "काही नाही रे, लागतो का बघितलं." आणि ठेवून देते.